गारवा जातो, पडदा लावा

कंटेनर उघडला की पहिली वानगी मुकादमाची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण त्या कोल्ड स्टोरेजमध्ये लिहिलेल्या सगळ्या नियमांपेक्षा तोच जास्त पाळला जायचा. जहाजातून आलेला थंड कंटेनर ट्रेलरवरून उतराईच्या फलाटाला टेकला, सील तुटलं, दारं उघडली, की टोळीचा मुकादम एकटा आत शिरायचा आणि अगदी आतल्या टोकाच्या पेटीतलं एक फळ घेऊन यायचा. दाराजवळचं फळ खोटं बोलतं, असं हमाल म्हणायचे. दारापाशी ऊन लागतं, झळ लागते. माल खरा कसा आहे ते आतल्या टोकाला, यंत्राच्या तोंडाशीच कळतं. मुकादम ते फळ चाकूने कापायचा, फोडी टोळीला वाटायचा. "गोड आहे रे" किंवा "नुसता भुसा" असा निकाल लागला की उतराई सुरू. मासळीचा नाहीतर गोठवलेल्या मटारचा कंटेनर असला की वानगी नसायची, आणि त्या दिवशी टोळी तोंड पाडून काम करायची.

दुसरा नियम मात्र लिहिलेला होता, तोही हातभर अक्षरांत, आतल्या प्रत्येक दारावर: "गारवा जातो, पडदा लावा." प्रत्येक खोलीच्या तोंडाला जाड प्लास्टिकचा पडदा होता. आत जाताना तो बाजूला करायचा आणि गेल्यावर मागे हात नेऊन बंद करायचा. नव्या हमालाला पहिल्या दिवशी ज्या शिव्या पडायच्या त्या एवढ्यावरूनच. महिन्याभरात हात आपोआप मागे जायला लागायचा. इतका, की काही जण घरी न्हाणीघरातून बाहेर पडतानाही मागे हात करून नसलेला पडदा ओढतात, अशी चेष्टा चालायची.

कंटेनरच्या थंडाव्याच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या मेकॅनिकला सगळे थंडोबा म्हणत. हे नाव कामावरून कमी आणि स्वभावावरून जास्त पडलं होतं. एकदा यंत्राच्या पेटीतून धूर निघाला तेव्हा फलाटावर पळापळ झाली. याने आधी मुख्य खटका पाडला, हातमोजे शोधून घातले, आणि मग चालत जाऊन पेटी उघडली. "घराला आग लागली तरी आमचे भाऊजी आधी बुटाची नाडी बांधतील," मुकादम म्हणाला होता. तेव्हापासून थंडोबा.

मुकादम त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आणि फोर्कलिफ्टवर जो म्हातारा बसायचा तो त्याचा सासरा. असे एका घरातले तिघे एका फलाटावर होते. साहेब गमतीत म्हणायचे, "इथे भांडण काढायची सोय नाही, सगळी वरात अंगावर येईल."

मेहुणा लहान असतानाच आई गेली. त्याला वाढवलं ते बहिणीने, स्वतः शाळेत जायच्या वयात. त्यामुळे लग्न होऊन ती थंडोबाच्या घरी आली तशी पाठोपाठ तिची माया डब्यात भरून रोज फलाटावर येऊ लागली. थंडोबाच्या पिशवीत दोन डबे असायचे, आणि मोठा डबा त्याचा नसायचा.

"भाऊजी, आज काय दिलंय ताईने?"

"तुझ्यात काय आहे ते तुला माहीत. माझ्यात कालचं आहे."

"ताजं आहे असं समजा की. आपण कोल्ड स्टोरेजवाले. आपल्याकडे शिळं असं काही नसतंच."

थंडीच्या खोल्यांत वावरायचं म्हणून तिने भावाला लोकरीचे मोजेही विणून दिले होते, घोट्यापर्यंत तांबडे, पुढे राखाडी. तांबडी लोकर संपली होती. गमबुटात ते दिसायचे नाहीत. जेवायच्या सुट्टीत तो बूट काढून पाय लांब करून बसला की टोळी म्हणायची, "आला, कोंबडा आला."

त्या हंगामात नासपतीचे कंटेनर एका नव्या तऱ्हेने येऊ लागले. फळही श्वास घेतं, आणि श्वास घेतं म्हणून पिकतं. तेव्हा कंटेनर भरला की आतल्या हवेतला प्राणवायू काढून घ्यायचा, नायट्रोजन भरायचा, म्हणजे फळ झोपतं आणि समुद्र ओलांडून ताजंतवानं उतरतं. ही हवा बाहेर निसटू नये म्हणून दाराच्या आत आणखी एक पडदा लावलेला असतो, कडेने चिकटवलेला, मधोमध चेन असलेला. दारावर पिवळं चित्र असतं, आडव्या पडलेल्या माणसाचं. उतरवताना दारं उघडायची, पडदा वरपासून खालपर्यंत फाडायचा, पंखा लावायचा, आणि मीटरने आतली हवा तपासून मगच पाय टाकायचा.

थंडोबाने हे टोळीला फलाटावर उभं करून समजावलं होतं.

"आत हवा नाही असं नाही. हवा आहे, पण तिच्यात जीव नाही," तो म्हणाला. "वास येत नाही, ठसका लागत नाही, घुसमट वाटत नाही. दोन श्वासांत माणूस खाली."

"दारूपेक्षा स्वस्त की मग," टोळीतला सगळ्यात उंच हमाल म्हणाला. त्याला सगळे शिडी म्हणत. सगळे हसले. मेहुणाही हसला, पण नंतर त्यानेच शिडीला दम दिला, "भाऊजींनी हिरवी फीत बांधल्याशिवाय एकानेही पाय टाकायचा नाही. टाकलाच तर तंगडी तोडीन."

हिरवी फीत म्हणजे मीटर ठीक दाखवतंय याची खूण. ती थंडोबा स्वतः दाराच्या कडीला बांधायचा. अशा दोन खेपा सुरळीत पार पडल्या.

तिसऱ्या खेपेला जहाज उशिरा लागलं. नासपतीचे दोन कंटेनर एकाच दुपारी फलाटावर आले आणि व्यापाऱ्याच्या गाड्या आधीच येऊन दारात तुंबल्या. मीटर एकच होतं. थंडोबा पहिल्या कंटेनरपाशी गेला आणि जाताना मेहुण्याला म्हणाला, "दुसऱ्याची दारं उघडून ठेव. पडद्याला मी आल्यावर हात लावू."

"दारं उघडतो. तेवढाच वारा खेळेल."

"आणि पाय?"

"पाय माझ्याकडेच राहतील, भाऊजी. जा तुम्ही."

पुढे काय झालं ते चौकशीत वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळं सांगितलं, पण मुख्य गोष्टीत फरक नव्हता. दारं उघडून बराच वेळ गेला. व्यापाऱ्याचा माणूस फलाटावर आला आणि कुरकुरू लागला. माल आतून पिकायला लागलाय अशी त्याला शंका होती. एक फळ दाबून पाहिल्याशिवाय तो गाड्या पुढे घेईना. साहेब मुकादमाकडे वळून म्हणाले, "अरे, दारं कधीची उघडी आहेत. वानगी दाखव ना यांना." नंतर साहेब म्हणाले की आपण विचारलं होतं, सांगितलं नव्हतं. शिडीने सांगितलं की मुकादम क्षणभर पहिल्या कंटेनरकडे बघत राहिला. थंडोबा यंत्रावर वाकलेला होता, पाठ इकडे. मग मुकादम म्हणाला, "एका दमाचं काम आहे. दम धरून जातो, दम धरून येतो." त्याने पाण्यात बुडी मारणाऱ्यासारखी छाती भरून घेतली, चेन उघडली आणि आत शिरला.

आणि आत शिरल्यावर, कुणी न सांगता, त्याचा हात मागे गेला आणि त्याने चेन बंद केली.

त्या कंटेनरमध्ये माल पुरता भरलेला नव्हता. डाव्या अंगाला, माणूस आडवा होऊन सरकेल एवढी फट सोडलेली होती. त्या फटीतून तो टोकापर्यंत गेला. पेटीचं झाकण खिळ्यांचं होतं. दम धरून चालता येतं, पण झाकण उचकटताना माणूस कण्हतोच. हा अंदाज थंडोबाने नंतर बांधला. कारण एक पेटी उघडी सापडली, आणि मेहुणा, फटीत वळायला जागा नसल्याने, पाठमोराच मागे सरकत बराचसा दाराकडे आलेला होता.

थंडोबाला ऐकू आली ती शिडीची हाक. "मुकादम? ओ मुकादम! लग्नाची नासपती निवडताय का काय?" आवाजात आधी चेष्टा होती. दुसऱ्या हाकेत ती नव्हती. थंडोबा वळला तेव्हा शिडी चेन उघडून वाकून आत घुसत होता.

थंडोबा धावला. जन्मात एवढा धावला नसेल. शिडी दोन पावलं आत गेला होता आणि तिथेच, कुणी मागून गुडघ्यावर मारावं तसा, खाली बसला. नुसता बसला, ओरडला नाही, धडपडला नाही. थंडोबाने बाहेरूनच वाकून त्याचा पट्टा पकडला आणि पाय फलाटाच्या कडेला रोवून त्याला ओढलं. फलाटावर उताणा पडल्यावर शिडीने डोळे फिरवले, मग एकदम मोठा श्वास घेतला आणि कुशीवर वळून ओकला.

थंडोबाने खिशातला चाकू काढला, पडदा वरून खाली चिरला, आणि त्याला आत डावीकडच्या फटीत मेहुण्याचे बूट दिसले. तळवे दाराकडे. तो पालथा पडला होता, पेट्या रचलेलं लाकडी पॅलेट आणि भिंत यांच्यामध्ये अडकून. फार लांब नव्हता. एखाद्या घरात दारातून स्वयंपाकघर दिसावं, एवढ्या अंतरावर.

"कुणी आत जायचं नाही," थंडोबा म्हणाला. मग ओरडला, "मोठा पंखा आणा! गेटवरून मास्क आणा! पळा!"

श्वासाची टाकी असलेला मास्क गेटजवळच्या खोलीत असायचा. तो फलाटावर ठेवावा असं थंडोबाचं म्हणणं होतं आणि साहेबांचंही त्यावर दुमत नव्हतं, फक्त अजून ठेवला नव्हता. एक जण गेटकडे सुटला, दोघे पंख्याकडे. थंडोबाने पॅलेट ओढायचा लांब आकडा उचलला, हात ताणून आत घातला आणि मेहुण्याच्या बुटात अडकवला. ओढला. पाय ताणला गेला, शरीर मात्र जागचं हललं नाही. त्याने सगळा जोर लावून पुन्हा ओढलं, आणि बूट सुटून आकड्याबरोबर बाहेर आला.

आत आता एक पाय मोज्यात होता. घोट्याला तांबडा, पुढे राखाडी. आकडा पुन्हा घातला तर लोकरीत रुतेना, नुसता घसरला.

तेवढ्यात सासरे फोर्कलिफ्टवरून उतरून आले. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं, किंवा त्यांनी शिडीला ओकताना पाहिलं असावं. त्यांनी फटीत पाहिलं, मोजा पाहिला, आणि कंटेनरच्या उंबऱ्यावर पाय ठेवला.

थंडोबा त्यांच्या आडवा आला.

"मामा, नाही."

"हो बाजूला."

"आत हवा नाही. तुम्हीही पडाल."

"माझं पोर आहे ते."

"म्हणूनच सांगतोय. मास्क येतोय. पंखा येतोय."

"येतोय, येतोय! तोवर तो—" सासऱ्यांनी त्याला ढकललं. म्हातारा सत्तरीला टेकला होता, पण ओझी उचलून वाळलेलं शरीर होतं. थंडोबा मागे सरकला, पण दारातून हलला नाही. त्याने दोन्ही हात पसरून दाराच्या दोन्ही कडा पकडल्या. सासऱ्यांनी त्याच्या तोंडावर मारलं. मग पुन्हा मारलं. थंडोबाने हात वर केला नाही, कारण कडा सोडल्या असत्या तर दार मोकळं झालं असतं.

"धरा यांना," तो टोळीला म्हणाला.

टोळी हलली नाही. त्या फलाटावर त्या म्हाताऱ्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्यातल्या निम्म्यांना त्याने हमालीला लावलं होतं.

"धरा! नाहीतर आज इथून दोघं उचलावे लागतील!"

मग दोघांनी सासऱ्यांना मागून मिठी मारल्यासारखं धरलं. आणि त्याच वेळी सासरे किंचाळले, "हलला! पाय हलला त्याचा! अरे जिवंत आहे!"

थंडोबाने मान वळवली. मोज्यातली बोटं आत ओढली जात होती आणि सुटत होती. झोपेत माणूस पांघरूण पायाने ओढतो तशी.

दम धरून जाता येईल, असं त्याला वाटलं. चार ढांगा, पाय धरायचा, ओढायचं. आत पडलेल्या माणसालाही नेमकं हेच वाटलं होतं. तो माणूस थंडोबापेक्षा दहा वर्षांनी तरुण होता, आणि त्याला फक्त एक फळ उचलायचं होतं. इथे एका फटीत अडकलेला मोठा गडी ओढून काढायचा होता. आणि आपण एकदा आत गेलो की दार अडवायला कोण, हेही थंडोबाला दिसत होतं. सासरे येतील. सासऱ्यांमागे ते दोघं येतील.

तो दारातच उभा राहिला.

पंखा आला. कुणीतरी तार ओढली, पंखा घरघरला आणि आतली थंड हवा फलाटावर लोटू लागली. गोड, ताज्या नासपतीचा वास सगळीकडे पसरला. मोज्यातली बोटं पुन्हा हलली का, हे थंडोबाने पाहिलं नाही. पहिल्या कंटेनरवरून आणलेल्या मीटरची नळी आत सोडून त्याची नजर प्राणवायूच्या आकड्यावर होती. आकडा चढत होता, पण म्हातारा जिना चढतो तसा. मास्क आला तेव्हाही आकडा अर्ध्यावर होता. टाकी पाठीला बांधताना त्याने पट्टे एकेक करून तपासले. ते सगळ्या फलाटाने पाहिलं. मग तो आत गेला, मेहुण्याला कमरेला धरून फटीतून उलटा ओढत आणलं आणि फलाटावर ठेवलं. छाती दाबली, तोंडाने श्वास भरला. रुग्णवाहिका आली, तिच्यातल्या लोकांनीही तेच केलं, आणि गाडी गेल्यावर फलाटावर एक बूट राहिला.

मेहुणा दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला होता.

चौकशी झाली. आलेले अधिकारी नीट माहितगार होते. त्यांनी विचारलं ते मोजकं आणि नेमकं. अशा जागी एक पडला की वाचवायला जाणारा दुसरा पडतो आणि दुसऱ्यासाठी तिसरा, असं त्यांनी सांगितलं. कुठल्याशा बंदरात एकाच कंटेनरमधून पाच काढले होते. मेकॅनिकने दार अडवलं नसतं तर इथे चार झाले असते. साहेबांनी हे सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. थंडोबा मान खाली घालून उभा होता. टोळीतलं कुणी त्याच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. त्यांचं म्हणणं वाचलेल्यापेक्षा वेगळं नव्हतं. त्यांना फक्त ती बोटं विसरता येत नव्हती. आणि ते पट्टे.

मास्क त्याच आठवड्यात फलाटावर आला. खुंटीसुद्धा ठोकली.

घरी मात्र काही बोलणं झालं नाही. बायको सकाळी उठायची, स्वयंपाक करायची, डबा भरायची. पहिल्या दिवशी तिने सवयीने दोन डबे काढले, मोठा भरला, आणि मग तो तसाच झाकण न लावता ओट्यावर राहिला. संध्याकाळीही तो तिथेच होता. थंडोबाने उचलला नाही. तिनेही नाही. दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या तेव्हा तिने तो घासून उलटा ठेवला.

रात्री ती खिडक्या सताड उघड्या टाकायला लागली. थंडी असली तरी. त्याने एकदा उठून खिडकी लोटली तर अंधारातून आवाज आला, "राहू द्या." त्याने परत उघडली.

मग एके दिवशी शिडीची बायको आली. कडेवर लहान मूल, हातात पिशवीभर भाजी. दारातच थंडोबाच्या पाया पडायला वाकली, त्याने मागे सरकून थांबवलं.

"तुमच्यामुळे माझा माणूस घरी आला," ती म्हणाली. "रोज म्हणतात, थंडोबाने पट्टा धरला नसता तर—" आणि मग आत उभ्या असलेल्या बाईकडे तिचं लक्ष गेलं. तिला कळलं की आपण कुठे येऊन काय बोलतोय. तिने मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"बसा," थंडोबाची बायको म्हणाली. "चहा टाकते."

तिने चहा टाकला, बशीत बिस्किटं दिली, मुलाचं नाव विचारलं, दात आले का विचारलं. शिडीची बायको अर्धा कप ठेवून उठली. ती गेल्यावर थंडोबाच्या बायकोने कप विसळला, पुसला, जागेवर ठेवला आणि मागे न वळता विचारलं,

"पाय हलला होता?"

थंडोबाला कळलं की हा प्रश्न त्या दुपारपासून या घरात वावरत होता. सासऱ्यांनी सांगितलंच असणार. पण सासऱ्यांचं वय झालेलं, डोळे अधू, आणि त्या वेळी भान सुटलेलं. "भास झाला असेल मामांना," असं म्हणायला जागा होती. पंख्याच्या वाऱ्याने लोकर हलली, असंही म्हणता आलं असतं. टोळीने त्याचीच री ओढली असती, कारण ते ऐकायची त्यांनाही गरज होती.

"हलला होता," तो म्हणाला.

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

"आणि उभे राहिलात."

"हो."

ती वळली. ती रडलेली नव्हती. "बाबांना सोडायचं नव्हतं ते मला कळतं," ती म्हणाली. "बाबा गेले असते तर दोघं गेले असते. ते मी स्वतःला रोज सांगते. मला एकच सांगा. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर?"

"हेच केलं असतं."

"आणि तुमचा असता? सख्खा?"

थंडोबाने विचार केला. तिला खोटं सांगायचं नाही म्हणून केला. त्याला भाऊ होता, लांबच्या गावी. त्याने त्याला त्या फटीत पालथा ठेवून पाहिलं. पायात मोजे घालून पाहिले.

"तरी हेच," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तुम्ही तेच केलं असतं. त्याच्या जागी मी असते तरी तेच."

त्याने ओट्यावरचं फडकं उचलून घडी घातली.

"बोला की. मी असते तर?"

"मास्क येईपर्यंत थांबलो असतो," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला. "येईपर्यंत थांबलोच असतो."

तिने मान हलवली. हिशेब जुळल्यावर माणूस हलवतो तशी. "चूक तुमची नाही," ती म्हणाली. "कुणालाही विचारा, चूक नाही. पण मला या माणसाशेजारी झोप लागत नाही. मी काय करू ते तुम्हीच सांगा."

 तिने दोन पातळं, कंगवा आणि अर्धवट विणलेला एक राखाडी मोजा पिशवीत घातला आणि ती बाबांकडे गेली. बाबांना जेवायला घालायला कुणी नाही, असं शेजारणीला सांगितलं. ते खरंच होतं.

पुढचं नासपतीचं जहाज लागलं तेव्हा टोळीला नवा मुकादम होता. शिडीच. कंटेनर फलाटाला टेकला, दारं उघडली. थंडोबाने पडदा वरून खाली चिरला, पंखा लावला आणि मीटरची नळी काठीला बांधून आत सोडली. टोळी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीला टेकून बसली. वानगीचं नाव कुणी काढलं नाही. व्यापाऱ्याचा तोच माणूस आला होता. तोही गाडीतून उतरला नाही.

सासरे मात्र आले. फोर्कलिफ्ट दारापर्यंत आणून त्यांनी इंजिन बंद केलं आणि तिथेच बसून राहिले. त्या दिवसानंतर ते जावयाशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांचा डबा बाजूला ठेवलेला होता. मोठा डबा. तो कुठल्या हाताने भरलाय ते थंडोबाला झाकणावर बांधलेल्या फडक्याच्या गाठीवरून कळलं. त्याची पिशवी खुंटीला, मास्कच्या शेजारी टांगलेली होती. तिच्यात त्याने स्वतः बांधून आणलेलं काहीतरी होतं.

पंखा घरघरत होता. आतून तोच गोड, ताजा वास येत होता. चिरलेल्या पडद्याची दोन टोकं वाऱ्याने बाहेर उडत होती. डावीकडे आजही फट होती, रिकामी, शेवटच्या पेटीपर्यंत स्वच्छ दिसणारी.

"किती?" सासऱ्यांनी विचारलं.

थंडोबा दचकला. त्याने मीटर पाहिलं. "अजून नाही, मामा. थोडं राहिलंय."

सासऱ्यांनी फटीकडे पाहिलं. नंतर त्याच्या हातातल्या हिरव्या फितीकडे.

"थांब मग," ते म्हणाले. "तुला जमतं."

थंडोबा थांबला. मीटर ठीक झालं तेव्हा त्याने फीत दाराच्या कडीला बांधली, गाठ ओढून पाहिली, आणि बाजूला झाला. म्हाताऱ्याने इंजिन सुरू केलं.